कासवांच्या हंगामाआधी: कोकण किनाऱ्यावरच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

वाळूत पहिला माग उमटायच्या आधीच कासवांच्या हंगामाचं निम्मं काम उरकलेलं असावं लागतं. मादी किनाऱ्यावर आली, अंडी घालून गेली आणि मग आपण जाळी शोधायला लागलो, तर तोवर कोल्ह्याने घरटं उकरलेलं असतं. म्हणून हा लेख गणपती ते दिवाळीच्या दिवसांत वाचायचा आहे. पुढचं सगळं वेळच्या वेळी होण्यासाठी आधी काय करून ठेवायचं आणि हंगामात कुठे हात आवरायचा, हे यात सांगायचं आहे.

आपल्या किनाऱ्यावर येतात ती मुख्यतः ऑलिव्ह रिडले जातीची कासवं. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्येला ती हजारोंच्या संख्येने एकाच वेळी अंडी घालायला येतात. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात आणि खाली गोव्यात मोरजी, आगोंद, गालजीबागला तसं होत नाही. इथे एखादी मादी रात्रीच्या अंधारात येते, तासाभरात अंडी घालते, वाळू सारखी करते आणि जाते. सकाळी वारा सुटला की तिची खूणही उरत नाही. त्यामुळे आपल्याकडे कासव संवर्धन म्हणजे आधी पायपीट. नोव्हेंबर ते मार्च रोज पहाटे पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, चालणारं माणूस गावात असेल तर घरटी वाचतात.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं समुद्री गरुडांचा अभ्यास करत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचली, तेव्हा २००२ साली त्यांना तिथे कासवांची अंडी चोरीला जाताना दिसली. तिथून हे काम सुरू झालं, आणि २००६ पासून वेळासचा कासव महोत्सव भरू लागला. गावकरी सोबत आले म्हणून ते टिकलं. आज कांदळवन कक्ष (खारफुटीची जंगलं राखणारा राज्याचा कक्ष) आणि वन विभागाच्या देखरेखीखाली आंजर्ले, गुहागर, गावखडीपासून वायंगणीपर्यंत अनेक गावांत कासवमित्र, म्हणजे घरटी शोधून राखणारी गावातलीच माणसं, नेमलेले आहेत.

आधी परवानगी, मग पुळण

सागरी कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. अंडी हलवणं, पिल्लू हातात घेणं, मादीला अडवणं हे परवानगीशिवाय केलं तर गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. त्यामुळे पहिली भेट परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांची. गावात कासवमित्र असेल तर त्याच्या हाताखाली काम करायचं, नसेल तर गाव नव्याने या कामात यावं म्हणून ग्रामपंचायतीमार्फत अर्ज करायचा. वनरक्षकाचा फोन नंबर आणि वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आधीच असू द्या. पहाटे पाच वाजता कुणाला विचारायचं हे तेव्हा शोधत बसू नये.

दुसरी भेट रापणकरांची. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं तुमच्याआधी किनाऱ्यावर असतात आणि माग त्यांनाच पहिल्यांदा दिसतो. पूर्वी अंडी काढून नेणारी माणसंही अजून गावात असतात, आणि ती कुणाला ठाऊक नसतात असं नाही. त्यांच्याकडे तक्रार घेऊन जाऊ नका. मादी कुठल्या चढाला येते, कुठल्या वाऱ्याला येते, घरट्याची वाळू पायाला कशी लागते, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही. अशा माणसाला काम आणि मान दोन्ही मिळाले तर त्याच्यासारखा कासवमित्र नाही, असं माझं ठाम मत आहे. बाहेरून आलेल्या आपल्यासारख्यांनी त्याच्या मागून चालावं.

तिसरी बैठक किनाऱ्यालगतच्या घरमालकांची आणि हॉटेलवाल्यांची. विषय एकच, दिवे. पिल्लं वाळूतून वर आली की सगळ्यांत उजळ क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. अंगणात हॅलोजन जळत असेल तर पिल्लं उलटी फिरतात आणि सकाळी मुंग्यांनी, कावळ्यांनी वेढलेली सापडतात. मादीसुद्धा उजेड बघून अंडी न घालता परत जाते. समुद्राकडे तोंड असलेला दिवा बंद करणं, जमत नसेल तर खाली वळवून त्यावर झाकण बसवणं, एवढं प्रत्येकाला करता येतं. त्याच बैठकीत हॉटेलांच्या उष्ट्याचा विषयही काढा. किनाऱ्यावर उष्टं पडतं तिथे कुत्री जमतात, आणि घरटी उकरणाऱ्यांत कुत्र्यांचा नंबर कोल्ह्याच्याही वर लागेल अशी कित्येक गावांची स्थिती आहे.

पुळण तयार करणं

पावसाळ्यात समुद्राने आणून टाकलेला कचरा नवरात्रापर्यंत उचलून झालेला हवा. प्लास्टिक तर उचलायचंच, पण मादीच्या वाटेत खरा अडथळा होतो तो तुटलेल्या जाळ्यांचा आणि दोरखंडांचा. वाळूत अर्धवट गाडलेलं जाळं खेचून पूर्ण काढा, वरचं टोक कापून सोडू नका. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर मोठी स्वच्छता मोहीम झाल्यानंतर २०१८ च्या मार्चमध्ये तिथे रिडलेची पिल्लं दिसली होती, तीसुद्धा कित्येक वर्षांनी.

साफ करताना मर्यादवेल मात्र उपटू नका. भरतीच्या रेषेवर पसरणारी ही जांभळ्या फुलांची वेल वाळू धरून ठेवते, आणि घरटी बऱ्याचदा तिच्या आसपासच सापडतात. सुरूच्या झाडांचं उलट आहे. किनाऱ्याच्या पार पुढेपर्यंत लावलेल्या सुरूमुळे मादीला चढायला मोकळी वाळू उरत नाही. असलेली झाडं तोडायचा प्रश्न नाही, पण नवी लागवड भरतीच्या रेषेजवळ होऊ नये एवढं ग्रामसभेत बोलायला हवं.

हॅचरी कुठे आणि कशी

घरटं आहे तिथेच राहिलं तर ते सगळ्यांत चांगलं. भरतीच्या वर असेल, कुत्र्यांचा आणि चोरीचा धोका नसेल, तर त्यावर जाळी किंवा टोपली ठोकून पहारा ठेवणं पुरतं. पण आपल्याकडे अरुंद पुळणी, उधाण आणि कुत्री यांमुळे बहुतेक गावांत अंडी कुंपणातल्या सुरक्षित जागेत हलवावी लागतात. तिला सगळे हॅचरीच म्हणतात.

जागा मोठ्या उधाणाच्या रेषेच्या बरीच वर घ्या. मागच्या वर्षीची जागा पुन्हा घेऊ नका, कारण जुन्या अंड्यांच्या अवशेषांमुळे त्या वाळूत बुरशी आणि किडे राहतात. सुरूच्या सावलीतही नको. मुळं घरट्यात शिरतात आणि सावलीमुळे वाळू गार राहते. वाळूच्या तापमानावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. गार वाळूत नर जास्त, गरम वाळूत माद्या जास्त. चौतीस अंशांच्या आसपास गेलेल्या वाळूत पिल्लं मरायला लागतात. म्हणून मार्च-एप्रिलसाठी माडाची झापं आधीच विणून ठेवा आणि ऊन भाजायला लागलं की हॅचरीवर काही उंचीवर मांडव घाला, झापं वाळूवर अंथरू नका.

वाळू दोन-अडीच फूट खोल उकरून तिच्यातली मुळं, काचा, शिंपले काढून परत भरा. कुंपणाची जाळी वाळूखाली निदान फूटभर गाडा, कारण कुत्रं आणि कोल्हा खालून उकरून आत येतात आणि कुर्ल्याही खालूनच शिरतात. दोन घरट्यांत तीन फुटांचं अंतर धरून आखणी करा. कडेने माणूस चालेल एवढी वाट सोडा, म्हणजे घरट्यांवर पाय पडणार नाही. दाराला कुलूप हवं, आणि त्याची एक किल्ली गावात राहणाऱ्या माणसाकडे.

पहाटेची फेरी

फेरीची वेळ ठरवायला कोळ्यांचा जुना हिशेब शिकून घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येते. याचा फायदा असा, की पौर्णिमेच्या पहाटे ओहोटी असते, ओली पुळण लांबवर उघडी पडलेली असते आणि माग पाण्यापासून वरपर्यंत सलग दिसू शकतो. अष्टमीच्या भांगाच्या (कमी चढ-उताराच्या भरतीच्या) दिवसांत पहाटे पाणी वर असतं, मागाचा खालचा भाग धुऊन जातो आणि वरच्या कोरड्या वाळूतला तुकडाच उरतो. त्या दिवशी भरतीच्या रेषेवरून चालून भागत नाही, वर वेलीच्या कडेने एक आणि खालून एक अशी दोन माणसं लागतात.

पाचच्या सुमारास निघा, उजाडायच्या आत. माणसांची, कुत्र्यांची, वाळूत फिरणाऱ्या गाड्यांची वर्दळ सुरू झाली की माग गेलाच. बरोबर लाल कागद लावलेला टॉर्च, वही, शिसपेन्सिल, मोजपट्टी, दोरी, खुणेच्या काठ्या आणि टोपली. पेनची शाई दमट हवेत पसरते, म्हणून पेन्सिल. हाताला सेंट, डासांचं मलम, सनस्क्रीन काही लावू नका.

रिडलेचा माग ओळखायला सोपा आहे. ती पुढचे पाय आळीपाळीने टाकते, त्यामुळे डावे-उजवे वल्ह्याचे ठसे समोरासमोर न येता एकाआड एक येतात. दोन माग दिसले तर चढतीचा कुठला आणि उतरतीचा कुठला हे वाळू मागे कुठल्या बाजूला फेकली गेली आहे त्यावरून ठरवा. वर जिथे वाळू वेडीवाकडी ढवळलेली आणि मधे दाबलेली दिसेल तिथे घरटं असण्याची शक्यता. अंडी झाकल्यावर मादी अंगाने वाळू थोपटून बसवते, तो थोपटलेला भाग आणि भोवती उडवलेली भुसभुशीत वाळू असं ते दिसतं. माग वर चढून नुसता वळून खाली आला असेल आणि ढवळलेली वाळू नसेल, तर ती अंडी न घालता गेली. तेही वहीत लिहायचं. एक-दोन रात्रींत ती परत येऊ शकते.

घरटं नेमकं कुठे आहे हे काठी खुपसून शोधायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. जुन्या जाणत्याच्या हातात ती काठी मऊ वाळू लागताच थांबते. नव्या माणसाने ती हातातच घेऊ नये, अंडी फुटतात आणि फुटलेल्या अंड्याने बाकीची खराब होतात. बोटांनी वाळू चाचपा. वेळ लागला तरी चालेल.

मादी समोर आली तर

टॉर्च बंद, खाली बसा, तिच्या मागच्या बाजूला राहा. वाळूवर चढताना आणि जागा शोधताना ती सगळ्यांत बुजरी असते, हालचाल दिसली तरी वळते. एकदा अंडी घालायला लागली की ती सहसा थांबत नाही, पण म्हणून फोटोचा फ्लॅश मारायची मुभा मिळत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळताना दिसेल. ते शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं आहे.

ती परतताना पुढच्या वल्ह्यांवर धातूचा बिल्ला आहे का तेवढं बघा आणि असेल तर नंबर जसाच्या तसा लिहा. २०२१ मध्ये ओडिशात बिल्ला लावलेली ०३२३३ नंबरची मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. त्याआधी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह टॅग लावलेली बागेश्री नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेलेली लोकांनी नकाशावर बघितली होती. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं एकमेकांकडे जातात याचा पुरावा गुहागरच्या पुळणीवर कुणीतरी लक्ष देऊन वाचलेल्या त्या आकड्यांमुळे हाती आला.

अंडी हलवणं

हा या कामातला सगळ्यांत नाजूक भाग. अंडं घातल्यानंतर काही तासांतच त्यातला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं किंवा हिसकलं तर गर्भ मरतो. म्हणून घातल्यापासून सहा तासांच्या आत, आणि जमेल तर दोन-तीन तासांतच, अंडी नव्या जागी पोचायला हवीत. माग जुना आहे, अंडी कधी घातली कळत नाही, अशा वेळी हलवायचं नाही. तिथेच जाळी ठोका आणि वनरक्षकाला कळवा.

१. वेळ, जागा, भरतीच्या रेषेपासूनचं अंतर आधी लिहा. मोबाइलवर ठिकाणाची नोंद घ्या.

२. वरची कोरडी वाळू बाजूला सारा, मग ओली वाळू हाताने हळूहळू काढा. पहिलं अंडं किती खोल लागलं ते मोजा. तळ साधारण दीड फुटावर असतो.

३. टोपलीत घरट्यातलीच ओली वाळू पसरा. एकेक अंडं दोन बोटांत धरून, जसं होतं तसंच, न फिरवता टोपलीत ठेवा. मोजणारा दुसरा माणूस असू द्या. सव्वाशेपर्यंत अंडी असतात, कधी त्याहून जास्त, आणि मोजणी मधेच चुकली तर ती पुन्हा करायला अंडी पुन्हा हाताळावी लागतात.

४. घरट्याच्या तळाची चिकट वाळूही घ्या. वर ओला कपडा घाला. हॅचरीपर्यंत चालत जा. मोटरसायकलच्या हिसक्यांत एवढी मेहनत वाया जाते.

५. हॅचरीत त्याच खोलीचा खड्डा काढा, तोंड अरुंद आणि पोट मोठं, मडक्यासारखा. तळाला ती चिकट वाळू, मग अंडी त्याच स्थितीत, मग ओली वाळू आणि शेवटी कोरडी. हाताने बेताने दाबा, पायाने कधीच नाही.

६. पाटीवर घरट्याचा क्रमांक, तारीख, अंडी किती, कुठून आणली, हे सगळं लिहून रोवा. वहीत तेच पुन्हा.

आणखी एक नोंद करा. एकेकटी येणारी रिडले साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा अंडी घालू शकते, बऱ्याचदा जवळपासच. तारखेत पंधरा दिवस मिळवून कॅलेंडरवर खूण करा आणि त्या तीन-चार रात्री त्या टापूत फेरी वाढवा.

पंचेचाळिसाव्या दिवसापासून

पिल्लं बाहेर यायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीतली घरटी जास्त दिवस घेतात, मार्चमधली लवकर फुटतात. चाळिसाव्या दिवसानंतर प्रत्येक घरट्यावर बांबूची टोपली उपडी घाला. वाळू मधे थोडी खचून खळगा पडला की एक-दोन दिवसांत पिल्लं येणार असं समजा. मग रात्री दर तास-दोन तासांनी टोपली उचलून बघायची, आणि दिवसाही, कारण उन्हात टोपलीखाली अडकलेली पिल्लं थोड्या वेळात होरपळतात. हा पहारा वाटून घेतलेला असावा. एकाच माणसावर टाकला तर आठवड्याने तो झोपतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

पिल्लं सोडताना एक गोष्ट मी हट्टाने सांगतो. मध्यरात्री बाहेर आलेली पिल्लं पाहुण्यांसाठी सकाळपर्यंत टबात ठेवू नका. अंड्यातून आल्यावर एखादा दिवस पिल्लाच्या अंगात न थकता पोहण्याची जी शक्ती असते, तिच्यावर ते किनाऱ्याजवळच्या माशांच्या तोंडून निसटून खोल पाण्यात पोचतं. टबात वळवळत ती शक्ती संपते. महोत्सवाला लोक लांबून येतात, लेकरांना घेऊन येतात, ते मला कळतं. पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमाराला आलेली पिल्लं त्यांना दाखवा, आणि त्या दिवशी पिल्लं नसतील तर तसं स्पष्ट सांगा.

सोडताना लाटेत ठेवायचं नाही. पाण्यापासून निदान आठ-दहा पावलं आधी वाळूवर ठेवा आणि त्याला चालू द्या. दोन्ही बाजूंना दोरी, माणसं दोरीमागे, सगळे दिवे बंद. वाळूवरचे पायाचे खोल ठसे आधी फळीने सारखे करा. वीस ग्रॅमही न भरणारं ते पिल्लू टाचेच्या खड्ड्यात पडलं तर त्याला वर यायला किती झटावं लागतं हे एकदा जवळून बघा, म्हणजे दोरीच्या बाहेर का थांबायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. जागा रोज थोडी बदला, नाहीतर घारी, कावळे आणि मासे त्याच जागी वाट बघायला शिकतात.

पिल्लं येऊन गेल्यावर दोन-तीन दिवस थांबा, मग घरटं उकरा. रिकामी कवचं, न फुटलेली अंडी, मेलेली पिल्लं वेगळी मोजा. खाली एखादं जिवंत पिल्लू अडकलेलं सापडतं, त्याला त्याच संध्याकाळी सोडा. अवशेष हॅचरीपासून लांब खोल पुरा, वासावर कोल्हे येतात.

जखमी कासव

हंगामात एखादं तरी कासव जाळ्यात गुंतून किनाऱ्याला लागतं. वल्ही धरून ओढू नका, कवचाच्या दोन्ही कडांना धरून उचला. जाळं कापा, पण मांसात रुतलेला धागा उपटू नका. सावलीत ठेवा, ओला कपडा कवचावर घाला, नाकावर नको. तोंडात पाणी ओतू नका. दमलेलं कासव लगेच समुद्रात ढकललं तर ते बुडून मरू शकतं. वन विभागाला कळवा. डहाणूला सागरी कासवांचं उपचार केंद्र आहे. आणि कोळीबांधवांना हे जरूर सांगा, की संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर राज्य सरकारकडून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळं सोडवतानाचे फोटो आणि अर्ज लागतो, तो भरून द्यायला स्वयंसेवकांनी मदत करावी.

मृगाच्या आधी

मेच्या मध्यापासून आवराआवर सुरू करा. उशिराची घरटी असतील तर तेवढा कोपरा ठेवा आणि हवामान खात्याच्या इशाऱ्यांवर लक्ष असू द्या. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आणि त्याच्या आदल्या वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ याच किनाऱ्यावर येऊन गेलं. जाळी, खांब, पाट्या, टोपल्या सगळं काढून धुऊन कुणाच्या तरी पडवीत ठेवा. जाळीचा एक तुकडाही पुळणीवर राहिला तर पहिल्या उधाणात तो समुद्रात जाणार. नोंदवहीची एक प्रत वन विभागाला, एक ग्रामपंचायतीत. पुढच्या वर्षी हॅचरी कुठे घ्यायची ते याच दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवा आणि दोन पक्क्या खुणांपासूनचं अंतर मोजून वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. पावसाळ्यात वाळू इतकी हलते, की जुनी जागा कुठली होती हे ऑक्टोबरात कुणालाच सांगता येत नाही.